डुफीचा काळा-पांढरा फोटो

माझ्या लेकीने, अक्याने, डुफीचा फोटो स्टेटसला लावला आणि अख्ख्या टेचिमान गावाने डुफीला मेलेली ठरवलं. सगळा दोष पोरीचा, असं मी पहिले काही दिवस दिसेल त्याला सांगत सुटले होते. आता सांगवत नाही.

फोटो काळा-पांढरा होता. भोवती फुलांची चौकट, कोपऱ्यात पांढरं कबूतर आणि खाली ओळ, 'तुझी फार आठवण येईल.' असले फोटो आमच्याकडे मयताच्या फलकांवर असतात. गावातली एकही भिंत त्यातून सुटलेली नाही. डुफी ही अक्याची जिवाची मैत्रीण. ती नुकतीच केप कोस्टच्या वसतिगृहात शिकायला गेली होती, आणि तिथे मुलींना फोन ठेवू देत नाहीत. अक्याला मैत्रिणीची आठवण आली, फोनमधली ती चौकट गोड दिसली, तिने लावली. एवढंच.

मी तेव्हा माझ्या शिवणाच्या दुकानात एका नवरीच्या झग्याला मणी लावत बसले होते. गिऱ्हाईक म्हणून आलेली आम्पोमा एकदम किंचाळली. "बिरागो! अगं ही मासेवालीची डुफी ना? तुझ्याच लेकीने टाकलंय बघ!"

माझ्या हातून मण्यांची वाटी पडली. अक्याला फोन लावला, तर बंद. ती शाळेत होती, बंदच असणार. पण मी ठरवून टाकलं की पोर रडत बसलीय कुठेतरी.

मग डुफीच्या आईलाच का नाही विचारलं? कसं विचारणार! मेलेल्या लेकराची बातमी आईला फोनवर देत नाहीत, बाजारात तर नाहीच नाही. आधी मुलांच्या मामाला बोलवायचं. आईला काही न सांगता घरी आणायचं, बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग मामा तोंड उघडतो. हे मला कुणी शिकवायला नको. मी ओपोंग मामाला निरोप धाडला, मयताला नेसायचं गडद लाल वस्त्र गुंडाळलं आणि आणखी दोघींना घेऊन बाजार गाठला.

डुफीची आई धुरावलेले मासे रचत होती. मला बघून हसली. "आज मशीनने सुट्टी दिली वाटतं बाईसाहेबांना? आणि हा लाल अवतार कशाला? कोण गेलं?"

शेजारच्या बायकांनी न सांगताच तिच्या टोपल्या झाकायला घेतल्या.

"अगं, माझे मासे का झाकताय? बाजार उठायला वेळ आहे अजून." मग ती थांबली. एकेकीचं तोंड बघत गेली. आमच्या सगळ्यांच्या नजरा खाली.

"घरी चल," मी म्हटलं. "तुझा भाऊ आलाय."

तिला दोन मुली. मोठी डुफी आणि धाकटी पोकुआ, ती अजून दुधाचे दात पडायच्या वयाची. तिने माझं मनगट घट्ट पकडलं.

"कोणती?"

"घरी चल."

"बिरागो, कोणती गं?"

"आधी घरी चल," मी म्हणाले. मला वाटलं, मी रीत सांभाळतेय. टॅक्सीत घरापर्यंत तिचा हात हातात धरून बसले.

अंगणात बायका जमून रडतच होत्या. पोकुआ दाराशी ऊस चोखत उभी होती. तिला बघितलं आणि डुफीची आई जागच्या जागी खाली बसली. कोणती, ते तिला कळलं होतं. कुणीतरी पाणी पुढे केलं. तेवढ्यात ओपोंग मामा आतून धावत बाहेर आला. त्या एकट्याला वसतिगृहात फोन लावायचं सुचलं होतं. तिथल्या बाईंनी आधी त्याला फैलावर घेतलं होतं आणि डुफीला जेवणावरून उठवून आणलं होतं. मामाने फोन मोठ्या आवाजावर धरला.

"आई? अगं काय झालंय? कोण रडतंय एवढं?"

मग जो काही आरडाओरडा झाला! कुणी नाचलं, कुणी देवाचे आभार मानले, कुणी फोटो लावणारीचा उद्धार केला. फोटो लावणारी म्हणजे माझी लेक. मी लाल वस्त्राचा पदर तोंडावर ओढून मागच्या वाटेने घरी आले.

अक्या शाळेतून आल्यावर तिला मी सोडलं नाही. "अक्कल कुठे गहाण टाकलीस? ज्याला काही ठाऊक नाही तो तुझा फोटो बघून काय समजेल, याचा विचार नको करायला? वर लिहायला काय झालं होतं, की डुफी शाळेला गेलीय?"

ती रडत ऐकत राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं. पण आई, तू शाळेत का नाही आलीस? रस्त्यापलीकडे तर आहे. मी एका शब्दात सांगितलं असतं." मी तिला उलट बोलते म्हणून आणखी झापलं.

रविवारी रीतीप्रमाणे अंडी घेऊन आम्ही दोघी क्षमा मागायला गेलो. डुफीच्या आईने अक्याला जवळ घेतलं. "पोर आहेस. पुढच्या वेळी लावायच्या आधी एखाद्या म्हातारीला दाखव, काय? जा, पोकुआशी खेळ जा." मला हायसं वाटलं. मीही हसले.

पोरी बाहेर गेल्या तशी ती म्हणाली, "तुझ्या लेकीवर माझा राग नाही. तिने फोटो लावला. कोणती ते तू सांगितलं नाहीस."

"अगं, रीत..."

"टॅक्सीत माझा हात तुझ्या हातात होता ना? तेव्हा मी देवाला सांगत होते, डुफीला ठेव. घ्यायचीच असेल तर धाकटीला घे." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू विचारायची वेळ आणलीस, आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. आता ती पोर गळ्यात पडते आणि माझे हात उचलत नाहीत, बिरागो."

मी अंड्यांची टोपली उगाच इकडची तिकडे सरकवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी कशाची मागू? फोटोची मागून झाली होती.

निघताना पोकुआ फाटकापर्यंत मागे आली. माझं बोट धरून हळूच म्हणाली, "मावशी, डुफी तर जिवंत आहे ना? मग आई माझ्याशी का बोलत नाही?"

"दमलीय गं ती," मी म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे न बघता बोट सोडवून घेतलं.