बोटीच्या शेपटाकडचा माणूस

माझ्या बहिणीचा नवरा क्लोव्हिस याच्याकडे मासे धरायचे सतरा रॉड आहेत आणि मेंदू एक, तोही पाकिटावरचं वाचण्यापुरता. हे मी रागानं म्हणत नाही. रागानं म्हणायचं ते पुढे येणार आहे.

बकहॉर्न तलावावरच्या आमच्या क्लबात एका बोटीत दोघं असतात. बोट ज्याची, तो पुढे उभा राहतो. विजेच्या छोट्या मोटरचं पेडल त्याच्या पायाखाली, म्हणजे बोट कुठे जायची ते त्याचा तळपाय ठरवतो. प्रत्येक बुडालेल्या ओंडक्याशी, प्रत्येक लाकडी धक्क्याखाली पहिला गळ त्याचा. मग बोट पुढे सरकते आणि ते पाणी मागच्याच्या वाट्याला येतं. जेवून झालेलं ताट चाटायला मिळावं तसं. सहा वर्षं मी ताट चाटतोय. उत्तर अलाबामातले निम्मे ओंडके मी फक्त पाठमोरे ओळखतो.

यंदा ईस्टरच्या जेवणाला मी हॅम कापायची सुरी हातात धरूनच विषय काढला. क्लोव्हिसनं सुरीकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत शब्द दिला, "ज्या दिवशी क्लबाच्या वजनकाट्यावर आपल्या बोटीतला सगळ्यात मोठा मासा तुझा असेल, त्या दिवसापासून पुढची जागा तुझी, टॉली." माझी आई साक्षीला होती, बहीण नडीन होती, हॅमही होतं.

आता सामानाचं. क्लोव्हिस सामान लावतो तेव्हा चर्चमध्ये बोलावं तसं हळू बोलतो. पाण्यातल्या गवतात टाकायचं तर आखूड, ताठ रॉड आणि विणलेला जाड दोरा, कारण बॅस मासा गळ गिळला की गवतात डोकं खुपसतो आणि त्याला मुळासकट उपटावं लागतं. नितळ पाण्यात लवचिक रॉड आणि न दिसणारा तंगूस. आणि रंग! त्याच्याकडे रबरी गांडुळांची चारशे पाकिटं आहेत. कलिंगड, हिरवा भोपळा, इंजिनाचं तेल, उन्हातलं इंजिनाचं तेल. "ढग आले, भोपळा काढ," असं तो म्हणतो आणि मी पाकीट शोधतो. एकदा आवराआवर करताना मी सगळी गांडुळं एका डब्यात ओतली, तर दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, तज्ज्ञ आहे, नाजूक असणारच.

माझ्याकडे रॉड एकच. चार टायर घेतले त्यावर फुकट मिळालेला.

मेमधल्या शेवटच्या शनिवारी स्पर्धा होती. सकाळी बोट पाण्यात उतरवताना मी विचारलं, "आज गवतात जाणार आहोस तर एखादा ताठ रॉड दे ना. सतरा आहेत."

"ते सगळे कामाचे आहेत."

"एकावर तर तू टोपी वाळत घातलीयस."

"तुझा टायरवाला आहे की. गोल गोल फिरवत बस."

आठ वाजता त्यानं गवताच्या एका भोकात सात वेगवेगळ्या रंगांची गांडुळं बुडवली. काही नाही. बोट सरकली. मी काळं गांडूळ, तोंडातला बिस्किटाचा घास गिळायच्या आत, त्याच भोकात सोडलं आणि टायरवाला रॉड कमानीसारखा वाकला. रीळ कुत्र्यासारखं कण्हलं. मासा वर आला तेव्हा त्याच्या तोंडात माझी मूठ गेली असती.

"नशीब," क्लोव्हिस जाळी खाली घालत म्हणाला.

पाच पौंड, एक औंस.

नियम असा की एका बोटीचे पाचच मासे, तेही जिवंत. सहावा लागला की सगळ्यात लहान सोडायचा. कुठला लहान ते कळावं म्हणून प्रत्येक माशाच्या ओठाला दोरी बांधलेला रंगीत चिमटा लावतात आणि रंगापुढे वजन लिहून ठेवतात. चिमट्यांच्या खोक्यावर रंगांची नावं छापलेली होती, ती वाचून क्लोव्हिसनं माझ्या माशाला हिरवा लावला. मासे जिवंत ठेवायच्या बोटीतल्या टाकीत त्यानं माशांना गुंगी राहावी म्हणून महागडं निळं औषध ओतलं होतं, त्यामुळे आत मासे नव्हे, फक्त चिमट्यांच्या दोऱ्या दिसत होत्या. दुपारपर्यंत पाच झाले. लाल चिमट्याचा सगळ्यात बारका, दोन पौंडही नाही.

दीडला क्लोव्हिसला अडीच पौंडांचा लागला. तो पायाशी फडफडत होता आणि क्लोव्हिस त्याच्याकडे नव्या बाळाकडे बघावं तसा बघत होता. न वळताच त्यानं टाकीत हात घातला, एक दोरी ओढली, मासा काठाबाहेर धरला आणि चिमटा दाबला.

माझ्या पाच पौंड एक औंसानं जाताना मला शेपटीनं भिजवलं.

"क्लोव्हिस, तो हिरवा होता."

"लाल होता."

"चिमटा तुझ्या हातात आहे. बघ."

त्यानं बघितलं. डॉक्टरचं अक्षर वाचतात तसं, जवळ धरून, लांब धरून. "लालच आहे."

मी त्याच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "तुझी टोपी कुठल्या रंगाची?"

"लाल. आपल्या फुटबॉल टीमची आहे. अख्ख्या अलाबामाला माहीत आहे."

"माहीत आहे ते सोड. दिसतं का?"

त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

"आणि सिग्नल?"

"वरचा पेटला की थांबायचं," तो पुटपुटला.

चारशे पाकिटं! ढग आले, भोपळा काढ! सहा वर्षं मी एका अशा माणसाच्या पाठीमागे उभा होतो ज्याला कलिंगड कापलेलं आहे की नाही हेही रंगावरून सांगता आलं नसतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मासा मोठा माझा होता. पुढची जागा माझी."

"मी काट्यावर म्हटलं होतं." आणि हे म्हणताना तो पेडलवर दोन्ही पायांनी उभा राहिला. "काट्यावर आहे का तो?"

मी चिडलो की ओरडत नाही, खातो. किनाऱ्यापर्यंत मी त्याची उकडलेल्या शेंगांची पिशवी टरफलांसकट संपवली.

वजनं मिस्टर बर्लच्या गळ-गांडुळांच्या दुकानाबाहेर होतात. दुकान त्यांचं, काटा त्यांचा, माइकही त्यांचा. आमचे पाच बारके मासे काट्यावर पडले आणि मिस्टर बर्ल माइकमध्ये म्हणाले, "बाकीच्या बोटी सांगतात टॉलीनं सकाळी राक्षस काढला. कुठाय?"

क्लोव्हिसनं माइक ओढून घेतला. "काढला होता. पण पोरानं बांधलेली गळाची गाठ सुटली."

पटांगणात घडीच्या खुर्च्या करकरल्या. आमच्याकडे एखाद्याच्या आईबद्दल बोलता येतं, आधी माफी मागून. गाठीबद्दल बोलत नाहीत.

मी पाचही चिमटे काढून टेबलावर मांडले. "क्लोव्हिस, हिरवा दे."

"हा काय पोरखेळ?"

"दे ना. सोपं आहे. हिरवा."

दोनशे डोळे. क्लोव्हिसचा हात पिवळ्यावर गेला, निळ्यावर गेला, आणि अखेर त्यानं एक उचलून माझ्या हातात ठेवला. लालभडक.

कोणी हसलं नाही. मिस्टर बर्ल पुढे वाकले, चष्मा सारखा केला आणि माइकमध्येच म्हणाले, "मग? हिरवाच आहे की."

माझी बहीण नडीन खुर्चीवरून उठली. तिच्या हातात थंड चहाचा ग्लास होता, तो तिनं काट्यावर ठेवला. काटा एक पौंड दाखवायला लागला.

"लाल आहे, मिस्टर बर्ल. आणि बारा वर्षं तुम्ही माझ्या नवऱ्याला रंग विकताय?"

"पाकिटावर छापलेलं असतं, बाईसाहेब," मिस्टर बर्ल म्हणाले.

"तू गप्प बस," ती क्लोव्हिसला म्हणाली. तो काही बोललाच नव्हता. "मोजे आपोआप जुळतात असं वाटलं होतं तुला? मी जोड्या लावते रोज. मला काही त्रास नाही त्याचा. पण माझ्या भावाचा मासा तू सोडलास आणि वर त्याच्या गाठीला नावं ठेवतोस? ईस्टरला काय म्हणाला होतास?"

"काट्यावर म्हटलं होतं."

"काट्यावर आता मी चढू का?"

क्लोव्हिसनं टोपी काढली, हातात फिरवली. "गाठ सुटली नव्हती," तो माइकपासून लांब म्हणाला.

"इथे ये आणि म्हण," मी म्हटलं.

तो आला आणि माइकमध्ये म्हणाला. पुढची जागा टॉलीची, हेही म्हणाला, दात न उघडता.

पुढच्या शनिवारी मी पेडलवर पाय ठेवला आणि बोट थेट मिस्टर बर्लच्या धक्क्यावर नेऊन आपटली.

"डावीकडे वळायचं तर टाच," मागून क्लोव्हिस.

"बोलू नकोस."

"मी नाही, धक्का बोलला."

नऊ वाजेपर्यंत प्रत्येक ओंडक्याशी पहिला गळ माझा होता. एकाही माशानं विचारलं नाही. मग मागून आवाज आला, "टॉली, यातलं काळं कुठलं?" मी न वळता सांगितलं, सगळ्यात जाड पाकीट. त्यानं ते लावलं आणि मी नुकत्याच धुऊन काढलेल्या पाण्यात अगदी सहज सोडलं.

"जाळी," तो म्हणाला. "टॉली, जाळी! मोठा आहे!"

मी जाळी घ्यायला धावलो, तर पेडल टाचेनं एका बाजूला दबलं आणि तसंच अडकलं. बोट भोवऱ्यासारखी गोल फिरायला लागली. मासा एकीकडून ओढत होता, क्लोव्हिस दुसरीकडून, आणि मी मधे जाळी धरून दोघांनाही शिव्या देत होतो.