पायऱ्यांचा उरलेला शॉट

लखननं चित्र थांबवलं आणि पेन्सिलीचं टोक पडद्यावर, तेजस्विनीच्या पदरापाशी टेकवलं.

"दादा, इथं घोळ आहे. जुन्या शॉटात वहिनींचं पोट दिसतंय, नव्या शॉटात काहीच नाही. निम्म्या पायऱ्या चढून बाई एकदम बारीक! लोक शिट्ट्या मारतील."

सोमनाथ हसला नाही. पंचवटीच्या घाटावरचा हा प्रसंग त्यानं अठ्ठ्याण्णव साली फिल्मवर घेतला होता. नायिका घागर घेऊन अर्ध्यावर आली तेव्हा रीळ संपलं, मग सिनेमाच रखडला. आता, सात वर्षांनी, टेपच्या डिजिटल कॅमेऱ्यावर उरलेलं घेऊन तो जुन्या फिल्मला जोडत होता. रंग जुळत नव्हते, ऊन जुळत नव्हतं. गंगापूर रोडच्या या एडिटिंगच्या खोलीत लखन महिनाभर तेच करत होता.

"मग?"

"जुन्यातलं पोट कॉम्प्युटरवर पुसून सपाट करतो. कुणाला कळणार नाही."

"नको," मागच्या खुर्चीतून त्याची बायको, तेजस्विनी म्हणाली.

ते मूल पोटातच गेलं होतं. पोटुशीचा फोटो काढू नये म्हणून सासूबाईंनी घरात कॅमेरा येऊ दिला नव्हता. पुन्हा दिवस राहिले नाहीत.

"ते राहू द्या. नवा शॉट परत घ्या. मी पोटाला कापड बांधते."

दुसऱ्या दिवशी पोटाला कापड बांधून ती घागर घेऊन घाटाच्या पायऱ्या चढली. फिल्मवर चढली होती तशीच, जड पावलांनी.

"छान आला. सोड आता ते कापड," सोमनाथ म्हणाला.

"आणखी एकदा घेऊ."

"अगं, नीट आलाय."

"तेव्हा म्हणायचात, फिल्म महाग आहे, एकदाच चढ. आता टेपला काय धाड भरलीय?"

ती उतरली, पुन्हा चढली. पुन्हा उतरली. ऊन भिंतीवरून सरकलं. आता हा शॉट कशालाच जुळणार नव्हता. सोमनाथनं पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

वरच्या पायरीवर टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीला राहवेना. ती सोमनाथवर ओरडली,

"ए बाबा, फोटू काय काढतो? घागर धर की तिची!" मग तेजस्विनीकडे वळली. "बस गं बाई. अशा दिवसांत वझं उचलू नाय. कितवा हाय?"

तेजस्विनीनं घागर खाली ठेवली. एक हात कमरेवर टेकून ती सावकाश तिच्याशेजारी बसली.

"सातवा."

भाजीवालीनं टोपलीतली एक कैरी निवडली, पदराला पुसली आणि तिच्या हातात दिली.

सोमनाथनं कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला नाही. टेप संपल्याची खूण आत कधीची लुकलुकत होती.