मुक्या चिमण्यांचा खोका

"मेलेलं विकायचं आणि वर विचारायचं, काका, माल पोचला का? निर्लज्ज लेकाचे."

हे टेबलावर वाकून स्वतःशीच पुटपुटत होते. मी शेजारच्या स्टुलावर बसून डबीत कापूस भरत होते, त्यामुळे शब्दन् शब्द माझ्यापर्यंत पोचला. हातातल्या ट्वीटरच्या पाठीवर त्यांनी खडूनं 'मु' लिहिलं आणि तो पायाशी ठेवलेल्या खोक्यात टाकला. सकाळपासूनचा सातवा.

ट्वीटर म्हणजे जुन्या मोठ्या स्पीकरच्या पेटीत वरच्या अंगाला बसवलेला छोटा स्पीकर. बारीक, उंच आवाज काढायचा एवढंच त्याचं काम. आमच्या घरात त्याला चिमणी म्हणतात. लोक जुन्या पेट्या मोडीत काढतात, आम्ही त्यातल्या चिमण्या घेतो, तपासतो, पुसतो आणि जोड्या लावून विकतो. तपासणं यांचं, पुसणं-बांधणं माझं. आधी मीटर लावून आतली तार शाबूत आहे ना ते बघायचं. मग मशीनला जोडून एक शिट्टी सोडायची आणि ती हळूहळू बारीक करत न्यायची. शेवटपर्यंत गायली तर 'बो', म्हणजे बोलते. मध्येच गप्प झाली तर 'मु'. त्या एका अक्षरावर लांबलांबचे लोक डोळे मिटून माल घेतात. मीटर काय, कुणीही लावतं. भरवसा होता तो यांच्या कानावर.

गेल्या दीड-दोन वर्षांत मुक्या चिमण्या फार निघायला लागल्या. आधी मलाही वाटलं, माल वाईट येतोय. मग एकदा मला ताप आला. ताप मोजायचं यंत्र माझ्या काखेत टीं टीं करून थकलं आणि हे समोर बसून म्हणाले, "अजून वाजलं कसं नाही? सेल गेला वाटतं." नवा सेल आणला. दोन दिवसांनी आणखी एक आणला.

ताप उतरल्यावर एका दुपारी हे जरा आडवे झाले तेव्हा मी मुक्यांचा खोका ओढला आणि एकेक चिमणी मशीनला लावली. आवाजानं हे जागे होतील ही भीती नव्हती, तेच वाईट होतं. माझेही कान काही कोवळे नाहीत, पन्नाशी केव्हाच ओलांडली. तरी एकवीसपैकी अठरा चिमण्या माझ्याशी बोलल्या.

शहाण्या बाईनं त्याच दिवशी तोंड उघडलं असतं. मी ओलं फडकं घेतलं. 'मु' पुसून 'बो' लिहिलं, यांच्यासारखंच, ब चं पोट जरा खाली ओघळलेलं. बांधून पाठवून दिल्या. आठ दिवसांत निरोप आले: काका, तुमचा कान म्हणजे कान! हे मोबाईल लांब धरून ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, एकदा मला, एकदा लेकीला. चेहरा असा फुलायचा की मी पुढच्या दुपारी पुन्हा फडकं भिजवायचे.

लेकीच्या हे लक्षात आलंच होतं. एकदा मला पुसताना बघून ती म्हणाली, "आई, हे बाबांच्या कानावर घालायला हवं गं." आणि जीभ चावली. त्या दिवसापासून आमच्या घरात कान हा शब्द सोवळ्यात ठेवल्यासारखा झाला. कुणी कानाडोळा करायचं नाही, कानामागे टाकायचं नाही, कुणाचे कान उपटायचे नाहीत. किती बोलणं कानावर टांगलेलं असतं ते तेव्हा कळलं. हे टीव्ही मोठा करायचे, आम्ही खिडकी लावून घ्यायचो. हे म्हणायचे, "तुम्ही मायलेकी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता." आम्ही म्हणायचो, "हो ना, सवयच लागलीय."

पण गेल्या महिन्यात एक चिमणी जळली. चांगली होती. ती बोलत नाही म्हणून यांनी मशीनचं बटण वाढवत नेलं, वाढवत नेलं, आणि करपलेल्या वार्निशचा वास आला. "बघ, आतून कुजलेलीच होती," हे म्हणाले. मी हो म्हटलं.

आणि सुट्टीच्या दिवशी मास्तर आले. गाणं शिकवायचे, आता सत्तरी पार. यांचं पहिलं गिऱ्हाईक. धाकट्या बहिणीकडे राहायला निघाले होते, तिथे स्पीकरच्या पेट्यांना जागा नव्हती, म्हणून त्यातल्या चिमण्या काढून रुमालात बांधून आणल्या होत्या. एका जुन्या विद्यार्थ्याला हव्या होत्या.

"तुम्ही सांगाल ते खरं," मास्तर म्हणाले. "मुक्या असतील तर कचऱ्यात. पोराच्या गळ्यात खोटा माल मारायचा नाही."

रुमाल सुटला. ही जात मी ओळखत होते. आतला पडदा रेशमाचा, आणि तो आता कुणी बनवत नाही. जळली की संपलं.

हे आणि मास्तर टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसले. लेक दारात उभी. शिट्टी सुरू झाली, बारीक होत गेली. दोघं माना डोलावत होते, आणि एका जागी दोघांच्याही माना थांबल्या.

"गेली," हे म्हणाले.

"गेली खरी," मास्तर म्हणाले.

चिमणी खणखणीत गात होती. माझे दात आंबले.

दुसरी लावली. तीही त्याच जागी 'गेली'.

"जोडी मात्र जुळलेली हो मास्तर. दोघी एकाच जागी मुक्या."

"म्हणून तर इतकी वर्षं एकत्र टिकल्या," मास्तर म्हणाले, आणि दोघं मनापासून हसले.

खडू हातात घेऊन हे थांबले. "तुमच्या आहेत, एवढ्यात लिहीत नाही. जोर लावून बघतो. कधीकधी आत धूळ बसते, धक्का दिला की सुटते." आणि हात बटणाकडे गेला.

"चहा टाकू का?" मी म्हटलं.

"टाक की." बटण वर गेलं. लेकीनं दोन्ही कानांवर हात दाबले.

"अहो, राहू द्या. आधी चहा घेऊ सगळे."

"अगं, मिनिटभर." आणखी वर.

"अहो, जळेल!"

"मुकीला काय जळायचंय?"

सुई डोळ्यात शिरावी तसा तो आवाज माझ्या डोक्यात शिरत होता. मास्तर शांतपणे ओठ मुडपून बघत होते. मी हात घातला आणि मशीनच्या मागून चिमणीची वायर उपटली.

खोली एकदम रिकामी झाली. लेकीनं कानांवरचे हात खाली घेतले.

ते दोघं तसेच वाकलेले. यांनी बटण आणखी वर नेलं, मान तिरकी करून ऐकलं. "बघा. अजूनही नाही."

मास्तरांनी चिमणीला जवळजवळ गालच लावला. "अंहं. शून्य."

मी वायर हातात धरून उभी होते. कुणीतरी माझ्याकडे बघावं आणि कुणीच बघू नये, दोन्ही एकदम वाटत होतं. शेवटी यांनी खडू टेकवायला चिमणी उचलली आणि तिच्यामागून नुसतीच वायर फरफटत आली. त्यांची नजर वायरीवरून सरकत माझ्या मुठीपर्यंत आली.

"ही कधी काढलीस?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे?"

"तुम्ही अजूनही नाही म्हणालात ना, त्याच्या आधी."

यांनी लेकीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघायला लागली. मास्तरांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"अगं पण वाजत तर नव्हतीच ती," हे म्हणाले. "आधीही नव्हती. हो ना मास्तर?"

यांनी खडू चिमणीच्या पाठीवर टेकवला, 'मु' चं पोट काढायला सुरुवात केली. मी त्यांचं मनगट धरलं आणि टेबलाकडे बघत, अगदी हळू, बोलले.

"काय?" हे म्हणाले. "पुन्हा तोंडातल्या तोंडात."

मी मान वर केली, त्यांना माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "चिमणी बोलतेय हो. तुम्हाला ऐकू येत नाही."