घरच्या माणसाचा पासवर्ड

भाईंदर पश्चिमेला गुणवंत राऊतांचं विवाह मंडळ होतं. त्याचा सगळा कारभार २००६ साली कॉम्प्युटरवर आणला तो स्वप्नालीने. बोरिवलीत नेटवर्किंगचा कोर्स करून आलेली, नव्याने लग्न झालेली मुलगी, पण कामाला खमकी. तिने प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, अँटीव्हायरस वेळच्या वेळी अपडेट ठेवला आणि मुलींचे फोटो एका बंद फोल्डरमध्ये टाकले. मुलीकडून होकार आल्याशिवाय फोटो उघडायचा नाही, हा नियमही तिचाच. बाहेरचा चोर आत कुठून शिरेल, याचा विचार ती घरी भाजी निवडतानाही करायची.

एकदा जवळच्याच डोंगरी गावची अंबिका आईला घेऊन नाव नोंदवायला आली. अंबिका मिरा रोडच्या एका दवाखान्यात नर्स होती. आई शांताबाई मासळी विकायची, बोलायला रोखठोक. फोटोचं नाव काढताच तिने पिशवी छातीशी धरली.

"पोरीचा फोटो मशिनीत कशाला? कोन पन बगंल."

"कोणी नाही बघणार, मावशी. बंदोबस्त मी स्वतः केलाय."

शांताबाईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पाकीट पुढे केलं. आत स्टुडिओत मुद्दाम काढून घेतलेला फोटो होता. अबोलीचा गजरा, मोरपंखी साडी.

पुढे गुणवंतरावांचा पुतण्या राज मंडळात येऊन बसायला लागला. एके दिवशी राऊतांनी स्वप्नालीला केबिनमध्ये बोलावलं.

"सगळे पासवर्ड राजला देऊन ठेव. तू रजेवर गेलीस की काम अडतं."

"सर, त्याला लागेल तेवढंच उघडून देते. फोटोंचा फोल्डर नको."

"अगं, घरचाच माणूस आहे तो! चोर काय घरात असतात?"

ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा राऊतांचा आवाज चढला, आणि तिने राजच्या नावाने सगळं उघडणारा पासवर्ड दिला.

दिवाळीनंतर अंबिका एकटीच ऑफिसात आली, ड्युटीवरून थेट, युनिफॉर्मवरच. तिने मोबाइल टेबलावर ठेवला. तो वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

"सकाळपासून चाललंय. कोणकोण पुरुष फोन करतायत. नंबर कुणी दिला विचारलं, तर म्हणतात, साइटवर तूच टाकलायस ना."

स्वप्नालीने दोस्ती जमवायची ती साइट उघडली. तोच अबोलीचा गजरा, तीच मोरपंखी साडी. खाली अंबिकाचं नाव, नंबर, आणि वाचवणार नाही असा मजकूर.

"हा फोटो मी दुसरीकडे कुठेच दिलेला नाही," अंबिका म्हणाली. "तुमच्या राजने मला फोन केला होता. मैत्री कर म्हणाला. मी त्याला चांगला झापला." मग आवाज न चढवता तिने विचारलं, "तुम्ही बंदोबस्त केला होतात ना?"

स्वप्नालीने सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या. रविवारी, ऑफिस बंद असताना, राजच्या पासवर्डने कुणीतरी आत शिरलं होतं आणि पेन ड्राइव्हवर फोटो उतरवून घेतले होते. एकट्या अंबिकाचा नव्हे, फोल्डरमधले सगळेच.

प्रिंट वाचून राऊतांनी चष्मा काढला.

"व्हायरस आला होता म्हणून सांगू सगळ्यांना."

"सर, व्हायरस नाही. राज आहे."

"पोरगं आहे, चुकलं. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"आणि अंबिकाच्या आईला?"

"ते तू बघ. सिक्युरिटी तुझ्याकडे होती."

दुसरी प्रिंट घेऊन ती बसने डोंगरीला गेली. अंबिकाचं वसईच्या एका मुलाशी जुळत आलं होतं; त्याच्याकडून तोवर नकार येऊन गेला होता. अंबिका आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

"मावशी, पोलिसात चला. पुरावा आहे, मी साक्ष देईन."

शांताबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "पोलिसात गेलं का गावभर बोभाटा. धाकटी अजून उजवायची हाय माजी. तुजा कागद तुज्यापाशी ठेव, बाय."

परतीच्या बसमध्ये स्वप्नालीच्या डोळ्यांपुढून त्या सगळ्या मुली हलेनात. प्रत्येकीच्या आईला तिने तेच वाक्य ऐकवलं होतं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. राजचा पासवर्ड बंद केला. फोटोंचा फोल्डर कायमचा पुसला, बॅकअपच्या सीड्या एकेक करून मोडल्या आणि किल्ल्या राऊतांच्या टेबलावर ठेवून घरी निघून आली.

संध्याकाळी दारात हवालदार उभा.

पोलीस ठाण्यात राऊत चहा पीत बसले होते. शेजारी राज मोबाइलशी चाळा करत होता. साहेब म्हणाले, "दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधला डेटा नष्ट करणं गुन्हा आहे, मॅडम. नवीन कायदा आहे. कडक आहे."

तिने प्रिंट पुढे केली. "आणि हे?"

"याची फिर्याद कुणी दिलीय?"

"कुणी नाही."

"मग हे घेऊन मी काय करू?"

तिचा नवरा, निहार, राऊतांपुढे हात जोडून उभा राहिला. तो असा कुणापुढे वाकलेला तिने कधी पाहिला नव्हता. शेवटी तिने माफीनामा लिहून दिला, "घरगुती तणावात चुकून डेटा पुसला गेला," आणि राऊतांनी मोठ्या मनाने तक्रार मागे घेतली. निघताना राज म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, मॅडम. आता सिस्टिम मी बघतोय."

त्यानंतर तिला त्या कामाची नोकरी मिळाली नाही. मुलाखती बऱ्या व्हायच्या. मग आधीच्या ऑफिसात चौकशीचा फोन जायचा आणि पुढे काही कळायचंच नाही.

एके दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. अंबिका होती. नोकरी सोडून ती अर्नाळ्याला मावशीकडे राहायला गेली होती, नंबरही बदलला होता.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "मंडळातला माझा फोटो गेला ना?"

"गेला. मी स्वतः पुसला."

"आणि राजकडचा?"

पलीकडे कुणीतरी अंबिकाला हाक मारली. "आले," असं ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.