सहा नंबरचा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. नूबियाच्या वाळवंटात, हलफ्याहून निघणाऱ्या रेल्वेच्या सहा नंबरच्या ठाण्यावर उभा आहे. या ठाण्याला नाव नाही. नाव द्यायचं तर आधी गाव लागतं, आणि इथे गाव कधी नव्हतंच. दोन्ही बाजूंना वाळू आणि मधून दोन रूळ. ते लांबवर एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात, पण टेकत नाहीत. इतक्या वर्षांत मी ते नीट पाहिलं आहे.

माझा जन्म नाईल नदीच्या काठी, हलफा गावी झाला. दहाब नावाच्या विधवेने मला घडवलं. नदीचा गाळ, भुसा आणि गाढवाची लीद एकत्र मळून, वळीवर वळी चढवत, नुसत्या हातांनी. भट्टीत भुसा जळून गेला आणि माझ्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं राहिली. त्यांतून पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, वारा ते उडवून नेतो, आणि उडून जाताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माझ्यातलं पाणी गार राहतं. थोडं गमावल्याशिवाय मला बाकीचं गार ठेवता येत नाही.

माझ्या गळ्याशी दहाबने चार नखं रुतवली. हलफ्यात प्रत्येक कुंभारणीची खूण वेगळी असे. ही तिची होती.

दहाबला दोन मुलगे. थोरला ताहा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दक्षिणेला गेला तो परत आला नाही. तिकडे खलिफाचं राज्य होतं. ताहाच्या हाती भाला देऊन त्याला फौजेत उभं केलं आहे, एवढीच बातमी आली. धाकटा ओकाशा घरी होता. त्याच सुमारास उत्तरेकडून इंग्रज साहेब आणि इजिप्तची फौज त्या राज्यावर चालून निघाली, आणि वाळवंटातून थेट रूळ टाकायचं काम सुरू झालं. ओकाशा त्या कामावर लागला.

वाळवंटातून का, असं तुम्ही विचाराल. नदी तिथे भलामोठा वळसा घेते आणि वाटेत खडक आहेत. उंट आणि बोटी मिळून त्या वाटेने अठरा दिवस लागत. गाडीला एक दिवस पुरणार होता. पण इंजिनाला पाणी लागतं. सुरुवातीला गाडीत निम्मे डबे पाण्याचेच भरावे लागत. मग सहा नंबरला खोल खणल्यावर पाणी लागलं. त्या दिवसापासून पाण्याचे डबे कमी झाले आणि त्या जागी तोफगोळे आले, पीठ आलं, सुटे भाग करून भरलेल्या, तोफा बसवायच्या बोटीसुद्धा आल्या. विहीर सापडली तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या होत्या म्हणे. लढाईचा निकाल तिथे अर्धा लागला होता, हे मात्र फार थोड्यांना कळलं असावं.

विहिरीवर राहायला माणूस हवा होता. ओकाशाला पंप चालवता येत होता. पण नेमणुकीआधी साहेबाने त्याला एकच प्रश्न विचारला, "तुझं कुणी त्या बाजूला आहे?"

"नाही साहेब," ओकाशा म्हणाला. "मी एकटाच."

खरं सांगितलं असतं तर त्याला ही जागा मिळाली नसती, हे उघड होतं. सगळ्या फौजेचा घसा ज्या विहिरीवर ओला होतो, ती विहीर शत्रूच्या भावाच्या हाती कोण देईल? आणि खोटं उघडं पडलं तर नोकरी जाणं ही सगळ्यात लहान शिक्षा ठरली असती.

दहाबने मला गाडीत गवतात बसवून त्याच्याकडे पाठवलं. सोबत एक भोपळ्याचं पाणी काढायचं भांडं, आणि गाडीवानाच्या तोंडी निरोप: "रांजण ठाण्याबाहेर ठेव. येईल त्याला पाज, कोण म्हणून विचारू नकोस. कुठेतरी कुणीतरी आपल्या माणसालाही न विचारता पाजत असेल."

ओकाशाने रुळाचे तीन तुकडे उभे रोवून माझी बैठक केली. मी पहिल्यांदा पूर्ण भरलो, तेव्हा मला माझं वजन कळलं.

ठाण्यावर आम्ही दोघंच. चार-चार दिवस त्याला बोलायला कुणी नसे. तो किसरा, म्हणजे ज्वारीची पातळ भाकरी, भाजून पाण्यात बुडवून खाई, आणि कधी कधी रुळाला कान लावून बसे. गाडी येत नसली तरी बसे. ताहाचं नाव मात्र तो एकटा असतानाही मोठ्याने घेत नसे.

अधूनमधून बशारी येई. तो अबाब्दा जमातीचा उंटवाला. ही वाट पूर्वी त्याच्या उंटांची होती. रूळ आल्यावर त्याचं काम गेलं, पण पाणी प्यायला तो येई आणि पिता पिता टोमणे मारी.

"काय रे ओकाशा, तुझं हे लोखंडी जनावर माझ्या वीस उंटांपेक्षा जास्त पितं!"

"पितं, पण तुझ्या उंटासारखं मधेच बसून रुसत नाही."

"रुसेल तेव्हा चाबूक कुठे मारायचा, ते तरी ठरवून ठेव." मग तो रुळांकडे बघत बसला आणि म्हणाला, "ही गाडी नव्हे, बाबा. हा तोफेचा नळा आहे. एक टोक हलफ्यात, दुसरं त्यांच्या दारात. आणि तू मधोमध बसून तो ओला ठेवतोस."

ओकाशाने भोपळ्याचं भांडं उगाचच दोनदा विसळलं आणि खुंटीला अडकवलं.

उन्हाळ्यात एक तरुण साहेब ठाणी तपासत आला. त्याने माझ्यात पाणी मोजून ओतलं आणि दुसऱ्या दिवशी मोजून काढलं. सात रत्तल कमी भरलं. त्याने माझ्या ओल्या पोटावरून बोट फिरवलं, खाली थेंब पडत होते ते पाहिलं, आणि वहीत लिहून घेतलं. हिशोब बरोबर होता. पाणी कुठे गेलं हे त्याने शोधलं, पण जाता जाता ते काय करून गेलं, हे विचारलं नाही. तो हुकूम देऊन गेला: रांजणाला गाडीच्या डब्यांना लावतात तो काळा रंग लावावा, आणि फौजेच्या माणसांखेरीज कुणालाही पाणी देऊ नये.

ओकाशाने मला स्वतःच्या हातांनी रंगवलं. मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? श्वास कोंडतो तसं काहीतरी. माझं अंग कोरडं झालं, खालचे थेंब थांबले. दुपारपर्यंत माझ्यातलं पाणी चहाच्या पाण्यासारखं झालं. गाडीवाल्यांनी चूळ भरून थुंकून टाकलं. बशारीने एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं.

"कुणी सुचवलं हे?"

"साहेबाने. सात रत्तल पाणी रोज वाया जातं म्हणे."

"त्या साहेबालाच एकदा रंगव. घाम वाया जायचा थांबेल."

ओकाशा खूप हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. बशारी गेल्यावर त्याने पंपाची खोबणी साफ करायची लोखंडी पट्टी घेतली आणि माझ्या मागच्या अंगावरचा रंग खरवडला, भिंतीकडच्या सावलीतल्या बाजूचा. रुळावरून पाहणाऱ्याला मी काळाच दिसत होतो. मागून मी पुन्हा माती होतो. तिथेच, गळ्याशी, दहाबची चार नखं होती.

मग दक्षिणेत मोठी लढाई झाली. खलिफाची फौज मोडली. आठवडाभर गाड्या जखमींना घेऊन उत्तरेला गेल्या. त्यांच्यामागून एक गाडी कैद्यांची आली.

इंजिनाला पाणी भरायचं म्हणून ती थांबली. कैद्यांवर फरजल्ला नावाचा हवालदार होता, थकलेला आणि घसा बसलेला. त्याने दहा-दहा माणसं उतरवून भिंतीच्या सावलीत, माझ्या मागे बसवली. त्यांचे ओठ फुटले होते. कुणी पाणी मागितलं नाही. मागून मिळत नाही हे त्यांना वाटेतच कळलं असावं.

ओकाशा दारात उभा होता. एकेका चेहऱ्यावरून त्याची नजर फिरत होती आणि प्रत्येक चेहऱ्यावरून मागे येत होती. डबे पुष्कळ होते. सगळे चेहरे बघायला वेळ नव्हता. इंजिनावरून हाका सुरू झाल्या होत्या.

त्याने खुंटीवरचं भांडं काढून माझ्या पायाशी ठेवलं.

"हुकूम माहीत आहे ना तुला?" हवालदार म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मी पंपावर जातो, हवालदार. माझी पाठ इकडे असेल. तुमचीही असू द्या."

फरजल्लाने पाठ फिरवली आणि म्हणाला, "एकेकाने या. घाई केली तर रांजण फोडीन."

ते एकेक करून आले. शेवटच्या टोळीत एक हडकुळा माणूस होता, डावा हात फडक्यात बांधलेला. त्याने झाकण उचलायला उजवा हात माझ्या गळ्याशी आणला आणि तो हात थबकला. मग त्याची चार बोटं चार नखांच्या खुणांवर बसली. न चाचपडता बसली, अंधारात घरातली कडी सापडावी तशी.

"पी लवकर," हवालदार पाठमोराच म्हणाला.

"इथला माणूस कोण आहे?"

"ओकाशा. हलफ्याचा. का?"

"भला दिसतो. घरी कोण आहे त्याचं? भाऊबिऊ?"

"कुणी नाही. एकटाच आहे म्हणतो. नाहीतर अशा जागी ठेवतात का कुणाला?"

त्या माणसाने पंपाकडे पाहिलं. ओकाशाची पाठ वर-खाली होत होती. अंतर तीस पावलांचं असेल. एक हाक पुरली असती.

"हो," तो म्हणाला. "एकटाच दिसतो."

तो सावकाश प्यायला. त्याच्या हनुवटीवरून पाणी माझ्या कडेवर सांडलं. सगळ्यांत शेवटी पिणारा तोच होता. त्याने भांडं झाकणावर पालथं ठेवलं, वाकून वाळूतून एक पांढरा खडा उचलला, भांड्यावर ठेवला, आणि डब्यात चढला.

गाडी सुटली. ओकाशा तेलकट हात पुसत आला. खुंटीकडे हात नेला, ती रिकामी. मग त्याला झाकणावरचा खडा दिसला.

मित्रांनो, हलफ्याला वारा फार. दहाबच्या घरी पाणी पिऊन झालं की भांडं पालथं घालून त्यावर खडा ठेवायचा, नाहीतर मार मिळायचा. सहा नंबरला भांडं खुंटीवर असे. इथे कुणी कधी खडा ठेवला नव्हता.

ओकाशा रुळांमधून धावत सुटला. रूळ जिथे फुटतात त्या सांध्याच्या खांबापर्यंत गेला आणि थांबला. गाडीचा धूर दिसत होता, गाडी दिसत नव्हती. त्याने तोंड उघडलं, पण नाव घेतलं नाही. इतकी सवय झाली होती.

रजा मिळायला चार महिने लागले. तोवर कैद्यांना हलफ्यातून बोटींनी पुढे नेलं होतं. कुठे, ते सांगायला कुणी नव्हतं, आणि विचारायची ओकाशाला सोय नव्हती. तो परत आला तेव्हा बशारी माझ्या सावलीत बसला होता. खड्याची आणि भावाची गोष्ट ओकाशाने त्याला एकट्यालाच सांगितली होती.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं."

"रडली असेल."

"नाही. एवढंच विचारलं, पाणी गार होतं ना?"

बशारीने या वेळी टोमणा मारला नाही. त्या दिवशी दोघांनी मिळून माझ्या पुढच्या बाजूचाही रंग खरवडून काढला. पुढचा साहेब आला, त्याने पाहिलं, पाणी प्यायला आणि वही न उघडता निघून गेला.

पुढे फौजा गेल्या. गाड्यांतून खजूर आणि गुरं जाऊ लागली, मग माणसं, मग फारच थोडं काही. ओकाशा इथेच म्हातारा झाला. एका सकाळी गाडी थांबली आणि त्याला दोघांनी धरून चढवलं. जाण्याआधी त्याने मला काठोकाठ भरलं होतं. ते पाणी अकरा दिवस पुरलं. प्यायला कुणी आलं नाही, मी ते सगळं वाऱ्याला दिलं.

आता माझी छिद्रं क्षाराने बुजत चालली आहेत. कोरडा ठेवला की रांजण असाच मरतो. तुमच्या दारात एखादा असेल तर त्याला भरा, मित्रांनो. आणि तो थोडा पाझरला तर रागावू नका. प्यायला येईल त्याला नाव विचारू नका. कदाचित त्याला ते सांगता येणार नाही.

भोपळ्याचं भांडं केव्हाच भुगा होऊन उडून गेलं. खडा मात्र झाकणावर आहे. वारा रोज येऊन त्याला हलवून पाहतो.