परत गेलेलं तामूल

म्हातारपण गुडघ्यात आलं तेव्हा मी काही बोलले नाही. डोळ्यांत आलं, चष्मा लावला. पण मेलं दातांत आलं आणि माझा सगळा तोराच उतरला. पुढचे दोन आपसूक पडले, नलबारीच्या डॉक्टरनं चार दाढा उपटल्या आणि वर म्हणाला, "आजी, आता कडक काही चावायचं नाही." अरे बाबा, आमच्या आसामात तामूल म्हणजे सुपारी चावल्याशिवाय ना आमंत्रण, ना माफी, ना सोयरीक!

त्याच आठवड्यात शेजारची लाबण्या आली, माझी लहानपणची मैत्रीण. नातवाच्या लग्नाचं बोलावणं होतं. काशाच्या तबकात तामूल-पान मांडून तिनं माझ्यापुढं धरलं. आता हिच्यादेखत बोळक्यात सुपारी घोळवत बसू? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मेखलेवर घेतलेल्या चादरीचा पदर तोंडावर धरून मी म्हटलं, "आत्ता नको गं."

लाबण्याचा चेहरा खर्रकन उतरला. तबक उचलून ती तडक निघून गेली.

संध्याकाळी आमचे हे घरात आले ते ओरडतच. "तामूल परत पाठवलंस? लाबण्या रडतेय तिकडं. म्हणते, निरूनं आमचं नातंच तोडलं!"

"मग काय, बोळकं दाखवायचं होतं तिला?" मी खेकसले.

"बोळकं दाखव, नाहीतर मैत्रीण घालव. तूच ठरव."

सकाळी उठून तिच्या घरी गेले. लाबण्या ओसरीवर तामूल कातरत बसली होती. मान वर केली नाही. "कशाला आलीस? माझं तामूल तुला कडू लागतं ना?"

"कडू नाही गं, चावत नाही!" मी तिच्यापुढं आ वासला. "हे बघ. नीट बघ आणि मग काय हसायचं ते हस."

हसलीच मेली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग आत गेली आणि भाताच्या कणगीमागून एक छोटा लोखंडी खलबत्ता घेऊन आली. तळ पार झिजलेला.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तू आलीस की लपवते. तुझ्यासमोर तामूल नुसतं गालात धरून बसायचं आणि तू वळलीस की थुंकायचं."

"आणि मी समजत होते, हिची बत्तिशी शाबूत आहे!"

तिनं ठकठक कुटलं आणि तेच तबक पुन्हा पुढं केलं. मी दोन्ही हातांनी घेतलं. चुना जरा जास्तच पडला होता, पण तोंडात ती ओळखीची ऊब पसरली आणि मला रडूच कोसळलं. मला वाटलं होतं, हे सुख आपलं संपलं.

लग्नात आम्ही दोघी मांडवाच्या मधोमध खलबत्ता घेऊन बसलो. ज्याला बघायचं त्यानं बघावं! नवी नातसून तबक घेऊन पायाशी वाकली. हळूच म्हणाली, "आजी, मी कुटून देऊ?"

"तू नुसतं दे गं पोरी," लाबण्या म्हणाली. "कुटायला आमचे हात अजून धड आहेत."