मुदत नसलेले टोकन

मी एक जुने टोकन आहे. बँकेच्या रांगेत हातावर ठेवतात तो पितळी बिल्ला नव्हे. मी म्हणजे सव्वीस अक्षरे आणि आकडे यांची एक ओळ. एका रक्तपेढीच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर मी अजून चिकटून आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करायला कोणी इथे बसू नका. मला रद्द केले आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

या रक्तपेढीत रक्तदात्यांची एक वही आहे. ती कागदाची नाही, संगणकातली आहे. कोणाचा रक्तगट कोणता, कोणी शेवटचे रक्त कधी दिले, कोणाला कोणत्या नंबरवर बोलवायचे, हे सगळे तिच्यात आहे. ती ज्या यंत्रांवर चालते ती कचेरीत नाहीत. ती दूर कुठेतरी भाड्याने घेतलेली आहेत, लोक त्याला क्लाउड म्हणतात. वहीला पासवर्ड आहे, आणि तो पासवर्ड एका तिजोरीत असतो. ही तिजोरीही संगणकातलीच, गुपिते सांभाळणारी. यंत्राने तिजोरीपुढे टोकन धरायचे, तिजोरीने पासवर्ड द्यायचा, मग वही उघडायची. ते टोकन मी होतो.

माझा जन्म घाईत झाला. तिजोरी बसवायला कंत्राटदाराचा माणूस आला होता आणि त्याचा तो शेवटचा दिवस होता. माझी माहिती भरताना ‘मुदत’ हा रकाना आला. त्याने क्षणभर डोके खाजवले आणि ‘कधीच संपणार नाही’ यावर बोट टेकवले. मग मला चिठ्ठीवर उतरवून कपाटाला चिकटवले आणि तो निघून गेला.

आता गंमत पाहा. माझ्या समोरच शीतकपाट आहे. त्यातल्या प्रत्येक पिशवीवर तारीख असते. तांबड्या पेशी पस्तीस दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. तारीख उलटलेली पिशवी इथले लोक हातातसुद्धा धरत नाहीत. हेडक्लार्कांना तर मुदतीची इतकी धास्ती की कचेरीतले भिंतीवरचे घड्याळ त्यांनी दहा मिनिटे पुढे लावून ठेवले होते. म्हणून त्यांचे नाव घड्याळकाका पडले. अशा या तारखांच्या घरात बिनतारखेचा मी एकटाच, आणि सहा वर्षांत हे कोणाला खटकले नाही.

त्या सहा वर्षांत मी इमानाने काम केले. पेढीचे प्रमुख, म्हणजे मोठे डॉक्टर, आल्यागेल्याला कौतुकाने सांगत की आमची वही एकदाही अडलेली नाही. अडणार कशी? तिजोरी फक्त अक्षरे जुळतात का तेवढे पाहत होती. ती कोणाच्या हातात आहेत हे ती विचारत नव्हती. मग माझी सवयच लागली. नवे काम निघाले की कपाट उघडायचे आणि मला तिथे उतरवायचे. बघता बघता मी सात ठिकाणी जाऊन बसलो, आणि ती सात ठिकाणे कोणती हे कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे प्रयोगशाळेतल्या एक बाई निवृत्त झाल्या. त्यांना द्यायची भेटवस्तू कपाटात होती, म्हणून कपाट उघडले, आणि ते तसेच उघडे राहिले. त्याच्यासमोर सगळ्यांनी उभे राहून फोटो काढला. फोटो छान आला. पहिल्या रांगेत बाईंचे हसू, आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारा मी. तो फोटो पन्नास मोबाइलवर फिरला.

महिन्याभरात दुर्मीळ रक्तगटाच्या लोकांना अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. ते रक्ताचे दलाल होते आणि त्यांना सगळे ठाऊक होते, नाव, गट, शेवटच्या रक्तदानाची तारीख. एक मावशी गळ्यातली मोजपट्टीही न काढता दुकानातून थेट कचेरीत आल्या. त्या कपडे शिवतात. त्यांच्या गटाचे आख्ख्या वहीत तिघेच आहेत. त्यांनी संगणक सांभाळणाऱ्या ताईला गाठले आणि शांतपणे सांगितले,

“रक्त द्यायला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पण माझं नाव असं कोणाच्याही हातात जाणार असेल, तर ते खोडून टाक.”

ताईने त्यांच्याकडे दहा दिवस मागितले.

त्यानंतर बैठक बसली. ‘टोकन फुटले’ असे सगळ्यांनी एका सुरात म्हटले आणि खापर माझ्यावर फोडून मोकळे झाले. मित्रांनो, मी फुटलो? मी कपाटावर स्वतः चढलो होतो का? फोटोसाठी केस विंचरून उभा राहिलो होतो का? मला मुदत दिली नाही ती त्यांनी, सात ठिकाणी डकवले त्यांनी, उघड्यावर टांगले त्यांनी, आणि बदनाम मात्र मी. अक्षरांना तोंड नसते म्हणून हे चालले. आज मी बोलतो आहे.

मला तिथल्या तिथे रद्दही करता येईना. केले तर काय काय बंद पडेल ते कोणाला माहीत नव्हते, आणि वही बंद पडली तर शस्त्रक्रियेला रक्त कुठून शोधायचे? ताईने एकेक करून सातही ठिकाणे हुडकून काढली. नऊ दिवस लागले. मग तिने नवी पद्धत बसवायला घेतली. यापुढे यंत्राने स्वतः एक पत्र लिहायचे, त्यावर आपली सही आणि वेळ घालायची. तिजोरीने क्लाउडला विचारायचे, हे यंत्र तुमचेच ना? होकार आला की एका तासापुरते टोकन द्यायचे. तास संपण्याआधी यंत्राने नवे मागून घ्यायचे. चिठ्ठी नाही, कपाट नाही, माणसाच्या नजरेला पडणेच नाही.

खोटे कशाला बोलू, मला राग आला. माझी सहा वर्षे कुठे आणि ही तासाभराची पोरे कुठे! दहाव्या दिवशी तिजोरीने यंत्राची पत्रे एकामागून एक परत पाठवायला सुरुवात केली तेव्हा मी मनातल्या मनात खूश झालो. ‘पत्राची वेळ ग्राह्य नाही’ एवढेच उत्तर येत होते. ताईने पत्रावरची वेळ पाहिली, घाईत सवयीने भिंतीवरचे घड्याळ पाहिले. दोन्ही तंतोतंत जुळत होते. म्हणून तिने वेळेचा नाद सोडला आणि सही तपासली, परवानग्या तपासल्या, सगळे मोडून पुन्हा मांडले. उत्तर तेच. तिच्या नाकी नऊ आले. मावशी दुपारपासून बाकावर बसून होत्या. पाच वाजेपर्यंत थांबते, मग नाव खोड, असे त्यांनी सांगून ठेवले होते.

भिंतीवर पाच वाजले. मोठे डॉक्टर आत आले आणि जुनेच चालू ठेवा म्हणाले. ताईने मान खाली घातली आणि मावशींचे नाव खोडण्यासाठी वही उघडली. तेवढ्यात मावशी मनगट पुढे करून म्हणाल्या,

“पाच कुठे वाजलेत? माझ्या घड्याळात अजून दहा मिनिटं आहेत.”

ताईचा हात थांबला. तिने वळून विचारले, “काका, भिंतीचं घड्याळ तुमचं. यंत्राचं कोणी लावलं?”

घड्याळकाका आढेवेढे न घेता उभे राहिले. “मीच लावून घेतलं होतं, त्या कंत्राटदाराच्या माणसाकडून. दहा मिनिटं पुढे. पिशव्यांची मुदत चुकू नये म्हणून.”

म्हणजे यंत्र जे पत्र लिहीत होते ते तिजोरीच्या खऱ्या वेळेच्या हिशेबाने अजून लिहिलेच गेलेले नव्हते, आणि ताई एका पुढे लावलेल्या घड्याळाची खात्री दुसऱ्या तशाच घड्याळावरून करत होती. भिंतीवरचे तुमचे राहू द्या, यंत्राचे खरे करू या, असे ती काकांना म्हणाली. काकांनी मान हलवली. तिने यंत्राचे घड्याळ खऱ्या वेळेवर आणले आणि पत्र पुन्हा पाठवले. तिजोरीने क्लाउडला विचारले, होकार आला, आणि पहिले तासाभराचे टोकन जन्मले. वही उघडली. मग ताईने आधीच तयार करून ठेवलेली उरलेली सहा ठिकाणेही याच वाटेवर वळवली.

आणि तेव्हा, मित्रांनो, मोठ्या डॉक्टरांना माझी दया आली. “जुनं टोकनही असू दे,” ते म्हणाले, “अडीअडचणीला.”

मला ती दया नको होती. सहा वर्षांत पहिल्यांदा मला काही हवे होते, आणि ते म्हणजे संपणे. दलालांच्या खिशात जिवंत राहण्यात कसला आला मोठेपणा? पण मी काय करणार, मी एक ओळ. माझ्या वतीने ताई बोलली.

“डॉक्टर, तारीख उलटलेली पिशवी तुम्ही अडीअडचणीला ठेवता का?”

डॉक्टरांनी शीतकपाटाकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, “बंद कर.”

ताईने पडद्यावर मला समोर आणले आणि खुर्ची बाजूला सरकवली. “मावशी, तुम्हीच दाबा.” मावशींनी सुईने टोचून टोचून खरखरीत झालेले बोट पुढे केले आणि मला रद्द केले. मग ताईने खात्रीसाठी माझी सव्वीस अक्षरे तिजोरीपुढे ठेवली. तिजोरी म्हणाली, हे टोकन वैध नाही. तिने मला पहिल्यांदाच नाही म्हटले होते. मावशींनी ते दोनदा वाचले आणि मोजपट्टी सारखी केली. “नाव राहू दे माझं,” असे म्हणून त्या दुकानाकडे निघाल्या.

चिठ्ठी मात्र कोणी काढली नाही. हवे तर कपाट उघडा, माझा फोटो काढा, गावभर वाटा. काही उघडणार नाही. पण उद्या तुम्ही कोणासाठी किल्ली बनवाल, तेव्हा मुदतीच्या रकान्यात ‘कधीच संपणार नाही’ निवडू नका, आणि निवडलेच तर मागाहून तिला दोष देऊ नका.

सहा वर्षे माझ्यावर तारीख नव्हती. आता चिठ्ठीच्या कोपऱ्यात ताईने लाल शाईने ती लिहिली आहे, वेळेसकट. पाचला दोन मिनिटे कमी. काकांच्या भिंतीवर तेव्हा पाच वाजून आठ मिनिटे झाली होती.